जीभ इंग्रजी की डोळा इंग्रजी: स्पॅनिश व्यंजनांच्या सराव-संचाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

संच कोणासाठी, हे आज नक्की केले. शिकणारे दोन प्रकारचे आहेत आणि त्यांना एकाच पट्टीने मोजणे चुकीचे ठरेल.

पहिला गट अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांतला. या मुलांना मराठी कळते, पण जीभ इंग्रजीवर तयार झालेली आहे. शाळेत स्पॅनिश घेतात तेव्हा इंग्रजीतले ट, र, प जसेच्या तसे घेऊन येतात. दुसरा गट पुण्या-मुंबईतला. जीभ पक्की मराठी, पण शिक्षण इंग्रजी माध्यमात आणि स्पॅनिशचे पुस्तकही इंग्रजीतून समजावणारे. त्यांच्या तोंडात बरेचसे स्पॅनिश आवाज आधीपासून असतात. तरी रोमन अक्षर दिसले की ते इंग्रजी किंमत लावून वाचतात आणि तयार असलेला आवाज बाजूला ठेवतात.

नोंदींपुरती नावे: जीभ-गट आणि डोळा-गट. प्रत्येक धड्यात चूक आधी कुठल्या गटाची ते ओळखायचे, मग उपाय द्यायचा. जिभेच्या चुकीला व्यायाम लागतो, डोळ्याच्या चुकीला नियम पुरतो.

७ जानेवारी

देवनागरी लेखन ठरवले. स्पॅनिश शब्द संचात देवनागरीत लिहिणार, कारण रोमन लिहिले की डोळा-गट लगेच इंग्रजीकडे वळतो. 'ताको' देवनागरीत लिहिला की मराठी माणूस बरोबर वाचतो. तोच रोमनमध्ये दिसला की 'टॅको' होतो. तसेच माद्रिदचे 'मॅड्रिड' आणि तोलेदोचे 'टोलेडो'.

जे आवाज मराठीत नाहीत त्यांना नुक्ता. ब़, द़, ग़ म्हणजे मऊ ब, द, ग. ख़ म्हणजे 'जे' या अक्षराचा आवाज. थ़ म्हणजे स्पेनमधला 'झेड'चा आवाज. ज़ फक्त जोडून बोलताना एका ठिकाणी लागेल. एकदा ठोकणारा र साधा, थरथरणारा र म्हणजे र्र.

शब्दाच्या सुरुवातीला र्र लिहून पाहिला, वाचताना सगळे अडखळले. स्पॅनिशमध्ये शब्दारंभीचा र नेहमीच थरथरता असतो. म्हणून तिथे साधा र लिहायचा आणि नियम पाठ करून घ्यायचा. 'रोसा' असे लिहायचे, म्हणताना र लांबवायचा.

एक अडचण अस्सल मराठी निघाली. आपला 'च' दोन प्रकारचा: चहातला आणि चोचीतला. स्पॅनिशमध्ये फक्त चहातला आहे. 'पुष्कळ' या अर्थाचा शब्द 'मुचो' असा लिहिला तर मराठी वाचक तो चोचीतल्या 'चो'ने वाचतो, कारण आ, उ, ओ या स्वरांआधी आपल्याला तीच सवय. म्हणून 'मुच्यो' लिहायचे. पानावर थोडे विचित्र दिसते, पण तोंडातून बरोबर निघते.

११ जानेवारी

ध्वनिमुद्रणाची व्यवस्था. डब्ल्यूएव्ही फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ म्हणताना येणारा श्वासाचा झोत थेट माइकवर आदळत नाही. खोलीतला पंखा बंद, खिडक्यांना जाड पडदे.

फोनवरून पाठवलेले आवाजी निरोप तपासणीसाठी घ्यायचे नाहीत. फाइल लहान करताना वरच्या कंपनांचा भाग कापला जातो, आणि स, फ, थ़ यांच्यातला फरक मुख्यतः तिथेच असतो. अशा फाइलवर 'थ़ चुकला' असा शेरा देणे शिकणाऱ्यावर अन्याय आहे.

आवाज मोजायला प्राट हा मोफत प्रोग्राम. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोअर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो तयार केला. वर्णपटाची (आवाजाच्या चित्राची) खिडकी, म्हणजे एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा, ५ मिलिसेकंदांची ठेवायची. त्याहून लांब ठेवली तर र-चे ठोके एकमेकांत मिसळून जातात.

१५ जानेवारी

प, त, क. इथे दोष जवळजवळ पूर्ण जीभ-गटाचा.

इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क म्हटले की मागोमाग श्वासाचा झोत येतो. मराठी कानाला तो सरळ फ, ठ, ख-च्या बाजूला झुकलेला ऐकू येतो. स्पॅनिशमध्ये हा झोत नाही. १९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन यांनी अकरा भाषांमध्ये ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंठ कंप पावू लागेपर्यंतचा वेळ मोजला. त्यांचे सरासरी आकडे असे: इंग्रजीत प ५८, ट ७०, क ८० मिलिसेकंद, स्पॅनिशमध्ये प ४, त ९, क २९. त्या अकरा भाषांत मराठीही होती, आणि आपल्या चार रांगांमुळे (प, फ, ब, भ) ती त्या कामात महत्त्वाची ठरली. बिनझोताचा प आणि झोताचा फ मराठी कान लहानपणापासून वेगळे ठेवतो. इंग्रजी कानाला तो फरक अर्थासाठी कधी लागतच नाही.

सरावाच्या पायऱ्या:

टिश्यू पेपरची २ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर लांब पट्टी ओठांसमोर ५ सेंटीमीटरवर धरायची. इंग्रजी 'पेपर' म्हटला की पट्टी उडते. आता इंग्रजी 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' म्हणायचे. स-नंतर इंग्रजीतही झोत जातो, म्हणून पट्टी जेमतेम हलते. स हळूहळू बारीक करत शेवटी फक्त मनात म्हणायचा. उरलेला प हा स्पॅनिश प.

घरात मराठी ऐकलेल्या मुलांना आणखी जवळचा रस्ता आहे: ताट-थाट, काल-खाल. आजीच्या तोंडून या जोड्या ऐकायच्या, मग स्वतः म्हणायच्या आणि पट्टी पाहायची. 'ताट' म्हणताना पट्टी स्थिर राहिली की तोच त घेऊन 'तापा', 'तोमाते', 'तू'.

त-ची जागाही बदलते. इंग्रजी ट हिरडीवर लागतो, स्पॅनिश त वरच्या दातांच्या मागे. आपला त तिथेच आहे. दोन्ही गटांना एकच सूचना: जिभेचे टोक दाताला लागल्याचे जाणवले पाहिजे.

'त्रेस' म्हणजे तीन. इथे जीभ-गट 'च्रेस'च्या जवळ जातो, कारण इंग्रजीत ट आणि र एकत्र आले की घर्षण होते. 'नातुराल'मध्येही इंग्रजीच्या सवयीने त-चा च होतो. त दाताला टेकवला की दोन्ही चुका आपोआप जातात, वेगळा व्यायाम लागत नाही.

१९ जानेवारी

कालच्या मुद्रणांत गफलत दिसली: पट्टीची परीक्षा पार करूनही काहींचा 'पाता' ऐकणाऱ्याला 'बाता' वाटत होता, आणि 'बाता'चा 'पाता'. कारण उलट बाजूला आहे. इंग्रजीत शब्दारंभीच्या ब-मध्ये कंठ बहुधा ओठ सुटतानाच कंपू लागतो, स्पॅनिशमध्ये ओठ मिटलेले असतानाच, सुटण्याच्या १०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही आधी. त्यामुळे इंग्रजी ब हा स्पॅनिश कानाला प वाटतो. नुसता प सुधारून भागत नाही, जोडीतला ब-ही सुधारावा लागतो.

व्यायाम: ओठ मिटून, नाकातून हवा न सोडता, घशावर बोट ठेवून आतल्या आत गुणगुणायचे आणि मग ओठ उघडायचे. मराठी ब असाच आहे. डोळा-गटाने हे पान वगळावे.

२५ जानेवारी

मऊ ब़, द़, ग़. संचातला हा सगळ्यांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचा धडा. र चुकला तर लगेच कळते, हे चुकलेले कोणी सांगत नाही आणि बोलणे मात्र शेवटपर्यंत परके वाटत राहते.

नियम असा. ब, द, ग ही व्यंजने विरामानंतर किंवा अनुनासिकानंतर पूर्ण अडवून म्हणायची. द-साठी ल-नंतरही. बाकी सर्व ठिकाणी ओठ किंवा जीभ जवळ येते, पण पूर्ण मिटत नाही. हवा वाहत राहते आणि घासल्याचा आवाजही जवळजवळ नसतो.

स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' या दोन अक्षरांचा आवाज एकच. 'गाय' आणि 'गाडीच्या टपावरचे सामानाचे कॅरिअर' हे दोन शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात, म्हणायचे मात्र दोन्ही 'बाका'. डोळा-गट 'व्ही' पाहून दात ओठावर ठेवतो, ही पूर्ण डोळ्याची चूक. क्यूबाची राजधानी आपण इंग्रजीमार्गे 'हवाना' म्हणतो. ती 'आब़ाना' आहे. पहिले अक्षर मुके, आणि मधला आवाज मऊ ब़, मग तो कसाही लिहा.

ब़ कसा काढायचा: 'बाबा' म्हणायचे, पण खूप दमल्यासारखे, दुसऱ्या ब-ला ओठ पूर्ण मिटायच्या आधीच उघडायचे. मराठी 'व' जवळचा आहे, पण त्यात खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. इथे दातांचा संबंध नाही, दोन ओठच. आरसा समोर ठेवायचा. दात दिसले तर चुकले. शब्द: 'बेब़ो' (मी पितो), 'बिब़ो' (मी राहतो). 'एल् ब़ासो' (तो पेला) मध्ये मऊ, 'उंबासो' (एक पेला) मध्ये अनुनासिकामुळे कडक.

द़ साठी 'दादा', त्याच दमलेल्या आवाजात. जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेपाशी, टेकवायचे नाही. जीभ-गटाकडे इंग्रजी 'धिस', 'मदर' यांतला आवाज तयार आहे. तो घेऊन त्यातला दाब निम्मा करायचा, नाहीतर भुणभुण ऐकू येते. शब्द 'देद़ो' (बोट): पहिला कडक, दुसरा मऊ. एकाच शब्दात दोन्ही असल्याने सरावाला उत्तम.

आता या धड्यातली मुख्य गोष्ट. 'तोद़ो' म्हणजे सगळे आणि 'तोरो' म्हणजे बैल. अमेरिकन इंग्रजीत दोन स्वरांमधला ट किंवा ड जिभेच्या एका झटक्यात संपतो, 'बटर', 'लॅडर'मध्ये होतो तसा. तो झटका म्हणजे हुबेहूब स्पॅनिश साधा र. म्हणून ह्यूस्टनचा मुलगा 'तोद़ो' म्हणायला जातो आणि ऐकणाऱ्याला बैल ऐकू येतो. पुण्याचा विद्यार्थी रोमन 'डी' पाहून ड वाचतो. आणि मराठीत 'घोडा', 'वाडा' मधला ड-ही जीभ उलटवून मारलेला झटकाच. तोही बैलापाशीच पोचतो. इंग्रजी जीभ आणि इंग्रजी डोळा वेगवेगळ्या वाटांनी एकाच चुकीला येऊन मिळतात. उपाय दोघांनाही एक: दात. जीभ दातांजवळ असेल तर तो झटका बसूच शकत नाही.

जोड्या मुद्रणासाठी: काद़ा-कारा (प्रत्येक-चेहरा), लोद़ो-लोरो (चिखल-पोपट), ओद़ा-ओरा (स्तोत्र-तास). शिवाय 'फोतो' आणि 'फोरो', कारण अमेरिकन सवय त-लाही हेच करते.

ग़ साठी 'लाग़ो' (तलाव), 'आग़्वा' (पाणी). गझल गाणाऱ्यांना 'ग़म'मधला ग़ माहीत असतो. स्पॅनिश ग़ त्याहून सैल, घर्षण जवळजवळ शून्य. 'तांगो'मध्ये अनुस्वारानंतर कडक ग.

तिन्हींसाठी एकच चाचणी: आवाज तीन सेकंद ताणता येतो का? ब ताणता येत नाही, ब़ येतो. ही चाचणी पुढे ख़ आणि थ़ यांनाही लावायची.

२ फेब्रुवारी

किरकोळ, पण पुस्तिकेत हवेच.

'एच' हे अक्षर मुके, फक्त 'सी-एच' एकत्र आले तर च. ल नेहमी आपल्यासारखा स्वच्छ. जीभ-गट शब्दाच्या शेवटी ल जाड करतो, 'पापेल'चा 'पापेऊल' होतो. जिभेचे टोक ल-च्या जागी टेकलेले ठेवून मागची जीभ खाली सोडायची. 'क्यू-यू-ई' म्हणजे 'के', 'क्वे' नव्हे. 'जी-यू-ई' म्हणजे 'गे': 'युद्ध'साठी शब्द 'गेर्रा', 'गुएर्रा' नव्हे. यू-वर दोन टिंबे असली तरच तो उच्चारायचा, जसे 'पिंग्विनो'. हे सगळे डोळ्याचे दोष, एका पानात आटोपले.

८ फेब्रुवारी

'जे', तसेच इ-ए आधीचा 'जी': ख़.

मराठी शिकणारा इथे 'ह' घालतो, वर्तमानपत्रेही 'होसे', 'हाविएर' लिहितात. पण मराठी 'ह' घोष आहे. 'हात' म्हणताना घशावर बोट ठेवा, कंप जाणवतो. स्पॅनिश ख़ पूर्ण अघोष. म्हणून मराठी 'ह' घातलेला 'ख़ोसे' ऐकणाऱ्याला नुसता 'ओसे' वाटू शकतो. 'ख' घातला तर दुसरे टोक: ख अडतो आणि फुटतो, ताणता येत नाही.

कसा काढायचा: 'क'साठी जीभ मागे टेकवा. आवाज काढू नका. आता जीभ केसभर सैल करा आणि हवा सोडा. खाकरल्यासारखा आवाज येईल. 'आख् थू' मधला पहिला भाग तोच. तीन सेकंद ताणा, घशावर कंप नसावा, मग स्वर जोडा: ख़ा, ख़े, ख़ि. जास्त जोर लावला की घसा कोरडा पडतो. एका बैठकीत २० वेळा पुरे, मध्ये पाणी प्यायचे.

किती घासायचे, ते प्रदेशावर आहे. उत्तर आणि मध्य स्पेनमध्ये खोल आणि खरखरीत. मेक्सिकोत सौम्य. कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका आणि दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा बराच भाग इथे जवळजवळ इंग्रजी एच-सारखा अघोष श्वास. म्हणजे जीभ-गटाने कॅरिबियन उच्चार निवडला तर त्यांचा एच चालतो. डोळा-गटाने घोष मराठी 'ह' मात्र टाळायचा. चिलीत इ-ए आधी हा आवाज पुढे टाळूकडे सरकतो.

पुस्तिकेत एक चौकट घालायची: हा आवाज नेहमी असा नव्हता. सोळाव्या शतकापर्यंत त्या जागी श होता. ख़ेरेस गावची वाइन इंग्रजांनी श असतानाच उचलली, म्हणून ती 'शेरी'. मेक्सिकोच्या नावातला 'एक्स'ही त्याच श-साठी लिहिला होता. पुढे श-चा ख़ झाला, अक्षर राहिले. स्पॅनिश माणूस 'मेख़िको' म्हणतो. ही माहिती सरावाला लागत नाही, पण असे अक्षर असा आवाज का देते, ते कळले की डोळा शांत होतो.

१५ फेब्रुवारी

'झेड', आणि इ-ए आधीचा 'सी'. आधी निर्णय: स्पेन की लॅटिन अमेरिका?

स्पेनच्या बहुतेक भागात थ़. लॅटिन अमेरिका, कॅनरी बेटे आणि अंदालुसियाच्या मोठ्या भागात स. दोन्ही प्रमाण. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेतही दोन्ही चालतात, मात्र एकदा धरलेला उच्चार शेवटपर्यंत सांभाळावा. संचात दोन्ही मुद्रणे ठेवतोय. अमेरिकेतल्या मुलांना स-वाली आधी ऐकवायची, कारण त्यांच्या आजूबाजूची स्पॅनिश बहुतांशी मेक्सिकोची आणि तिच्या शेजाऱ्यांची.

थ़ मध्ये जीभ-गट वरचढ आहे. इंग्रजी 'थिंक'मधला आवाज थेट चालतो. डोळा-गट 'थँक यू' मराठी थ-ने म्हणत आला आहे, तोच थ इथे आणतो. 'ग्राथ़ियास' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेखालून २-३ मिलिमीटर बाहेर, दात जिभेवर दाबायचे नाहीत, हवा सलग वाहू द्यायची. पुन्हा तीच चाचणी: तीन सेकंद ताणा. थ असेल तर ताणता येणार नाही.

दोघांची सामाईक चूक म्हणजे इंग्रजी 'झेड'चा आवाज. स्पॅनिशमध्ये स्वराआधी या अक्षराला तो कुठेही नाही. 'झापातो' नाही, 'थ़ापातो' किंवा 'सापातो'. दोन स्वरांमधल्या 'एस'लाही नाही: 'प्रेझिदेन्ते' नाही, 'प्रेसिदेन्ते'. गोव्यात पोर्तुगीज येणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावे, पोर्तुगीजमध्ये स्वरांमधला स घोष होतो.

कोणी एक राजा बोबडा होता म्हणून दरबार थ़ म्हणू लागला, ही कथा संचात घालायची नाही. तेच लोक 'कासा' (घर) स्पष्ट स-ने म्हणतात आणि 'काथ़ा' (शिकार) थ़-ने. बोबडेपणा असता तर दोन्ही शब्द एक झाले असते. मध्ययुगीन स्पॅनिशमधले जवळजवळचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून स्पेनमध्ये एक पुढे दातांकडे सरकला, दक्षिणेत आणि समुद्रापार ते मिसळून स झाले.

२३ फेब्रुवारी

र आणि र्र. साधा र: जिभेचे टोक हिरडीला एकदा स्पर्शून सुटते, स्पर्श सुमारे २० मिलिसेकंदांचा. आपला र तोच. इंग्रजी र-मध्ये जीभ कुठेच टेकत नाही, उलट आदल्या स्वराचा रंग बदलते. अमेरिकन मुलांना 'बटर'मधला झटका दाखवून द्यायचा. 'पॉट ऑफ टी' भरभर म्हटले की 'पारा ती' (तुझ्यासाठी) जवळ येते. लंडनच्या मुलांकडे हा झटका बहुधा नसतो, त्यांना मराठी 'बरं', 'मोर' ऐकवून नक्कल करायला लावायची.

र्र वेगळ्या जातीचा आहे. जीभ स्नायूंनी हलवायची नसते, हवा तिला हलवते. टोक सैल ठेवून हिरडीला टेकते, दोन्ही कडा वरच्या दाढांना घट्ट, मागून हवेचा दाब. टोक उघडते, हवा सुटते, दाब पडतो, टोक परत टेकते. असे सेकंदाला साधारण २५ ते ३० वेळा. नेहमीच्या बोलण्यात दोन-तीन ठोके होतात, तेवढे पुरेत.

मराठीत हा आवाज आहेच, फक्त वर्णमालेत त्याला वेगळे घर नाही. कापड टर्रकन फाटते, माणूस गर्रकन वळतो, चिमणी भुर्रकन उडते. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांनाही 'भुर्र जायचं का?' हे लहानपणी कानावर पडलेले असते. तिथूनच सुरुवात करायची.

पायऱ्या:

आधी ओठ. घोडा फुरफुरतो तसे ओठ थरथरवायचे. हवा किती लागते आणि भाग किती सैल लागतो, ते इथे कळते.

मग अघोष. 'त्'ची जागा किंचित मागे घेऊन जीभ टेकवायची, कंठ न कंपवता जोराने हवा सोडायची. कंठ कंपू लागला की हवेचा दाब कमी होतो, म्हणून नवख्याला अघोष सोपा जातो. थरथर आली की कंठ जोडायचा.

मग 'द्र': द-मुळे जीभ जागेवर आलेली असते, मागे दाबही साठलेला असतो. 'द्रा, द्रा, द्र्र्रा'. त्यानंतर दोन स्वरांमध्ये 'आर्रा', 'ओर्रो', आणि शब्दाच्या सुरुवातीचा र सर्वांत शेवटी, कारण तिथे आधाराला काहीच नसते.

रोज ५ मिनिटे तीनदा. सलग १५ मिनिटे केली तर जीभ दमून ताठ होते आणि ताठ जीभ थरथरत नाही. अजिबात जमत नसेल तर पाठीवर झोपून करून पाहावे, जिभेचा मागचा भाग मागे पडतो आणि टोक मोकळे होते.

१ मार्च

र्र-च्या मुद्रणांवर शेरे. नुसता 'बरोबर-चूक' शेरा निरुपयोगी. चुकीचे कारण लिहिले तरच उपाय सांगता येतो.

सलग श्वासाचा आवाज, ठोका नाही: टोक हिरडीपासून दूर आहे, किंवा कडा सुटल्या आहेत आणि हवा बाजूने जाते. गाल फुगतात का, ते पाहावे.

'द्द' होऊन अडकणे: टोक फार दाबले आहे. थोडे सैल करून हवा वाढवायची.

घशातली गुळणी: थरथर पडजिभेवर गेली. पुढच्या जिभेला काम मिळेपर्यंत 'द्र'वर परत.

'रारारा' असे मोजून मारलेले झटके: हे स्नायूंनी केलेले, वेग कधीच पुरत नाही. ओठांच्या पायरीवर परत.

पाच-सहा ठोके: नाटकी वाटते. जमल्याचा आनंद समजतो, पण दोन-तीनवर आणायचे.

डोळा-गटाची चूक वेगळीच. र्र जमतो म्हणून तो सगळीकडे लावतात. 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) एक होतात. जोड्या: कारो-कार्रो (महाग-मोटार), आओरा-आओर्रा (आता-बचत करतो), थ़ेरो-थ़ेर्रो (शून्य-टेकडी), एन्तेराद़ो-एन्तेर्राद़ो (माहीत असलेला-पुरलेला). प्राटमध्ये साधा र म्हणजे एक पांढरी फट, र्र म्हणजे दोन-तीन. शिकणाऱ्याला स्वतःचे चित्र दाखवले की वाद उरत नाही.

न, ल, स यांच्यानंतरही एकेरी 'आर' थरथरताच: एन्र्रीके, आल्र्रेद़ेद़ोर. इथे देवनागरी वाचायला जड जाते, पण गाळले तर नियमच विसरला जातो. ठेवले.

९ मार्च

'एन'वर लाट असलेले अक्षर, ञ. 'आञ्यो' न म्हणता 'आञो' (वर्ष). जीभ-गट न आणि य असे दोन तुकडे करतो, 'कॅन्यन' म्हणतात तसे. डोळा-गट मराठी सवयीने व्यंजन द्वित्त करतो, 'अन्याय'चा 'अन्न्याय' होतो तसा 'मान्न्याना'. ञ हा एकच आवाज आहे. पहिल्या स्वरावर आघात वाढवायचा नाही.

मराठीत तो 'चंचल', 'पंच' यांतल्या अनुस्वारात दडलेला आहे. 'पंच' म्हणायला लागा, च येण्याआधी थांबा. जिभेचे टोक खालच्या दातांमागे आणि मधली जीभ टाळूला लागलेली जाणवेल. तिथूनच सरळ 'आ' उघडा. मान्याना नव्हे, 'माञाना'.

'डबल एल' म्हणजे बहुतेक ठिकाणी 'वाय'चाच आवाज. 'काये' (रस्ता). इंग्रजी य-पेक्षा घट्ट, आणि थांबल्यानंतर किंवा न-नंतर आपल्या 'जग'मधल्या ज-कडे झुकणारा. 'जाड'मधला ज नव्हे. ब्वेनोस आयरेसला तो श होतो: 'काशे', 'शो'. अँडीजच्या काही भागांत आणि पॅराग्वेत जुना ल्य टिकून आहे. संचात य घेतला, श ऐकण्यापुरता.

१६ मार्च

जोडून बोलणे. व्यंजनाआधीचे अनुनासिक त्या व्यंजनाप्रमाणे बदलते. इंग्रजी बोलणाऱ्याला हे शिकवावे लागते, आपला अनुस्वार हेच करतो: अंबा, आंत, अंग. म्हणून 'एक चुंबन' हे 'उंबेसो' असेच लिहिले, आणि डोळा-गटाने पहिल्या वाचनातच बरोबर म्हटले. 'एम्बियार' (पाठवणे) मध्ये लिहिलेले 'एन-व्ही' आहे, ऐकू येते ते 'म्ब'.

स घोष व्यंजनाआधी घोष होतो: 'मिज़्मो', 'देज़्द़े'. ज़ वापरायची ही एकच जागा.

कसोटीचा शब्द ठरला: 'बियार्रेआल'. स्पेनमधल्या गावाचे आणि फुटबॉल संघाचे नाव. आधी थांबून म्हटले तर ब कडक, 'एल् ब़ियार्रेआल' म्हटले तर मऊ. मध्ये 'डबल एल'चा य, मग र्र, शेवटी स्वच्छ ल. एका शब्दात अर्ध्या पुस्तिकेची परीक्षा होते.

जीभ मोकळी करायला पारंपरिक ओळ: 'एर्रे कोन् एर्रे थ़िग़ार्रो, एर्रे कोन् एर्रे बार्रिल'. आधी अगदी सावकाश, शब्दाशब्दाला थांबून. वेग वाढवताना साधा र-र्र यांचा घोळ सुरू झाला की मागच्या वेगावर यायचे.

२२ मार्च

धड्यांचा क्रम बदलला. र्र पहिल्या दिवशीच सुरू करायचा, कारण जीभ तयार व्हायला आठवडे लागतात, पण तपासणी शेवटी. मऊ ब़-द़-ग़ दुसऱ्या आठवड्यात पुढे आणले. ख़ आणि थ़ एकत्र, तीन सेकंद ताणण्याची चाचणी दोन्हींना सारखी असल्याने. ञ आणि य शेवटी.

दोन गटांसाठी वेगळ्या पुस्तिका छापायच्या नाहीत. एकच पुस्तिका, समासात खूण: जीभ किंवा डोळा. ज्या पानावर आपल्या गटाची खूण नाही ते पान शिकणाऱ्याने वगळावे.

राहिलेले काम: काद़ा-कारा आणि तोद़ो-तोरो या जोड्यांचे मुद्रण पुन्हा करायचे. आत्ताच्या फाइलमध्ये दोन शब्दांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी जागा आहे. ऐकणाऱ्याला नक्कल करायला किमान दोन सेकंद हवेत.